शकूला बोल लावू नकोस

छावणी, औरंगाबाद
आषाढ वद्य पंचमी, १९७८

तीर्थरूप आईस,

बद्रीनाथचा दंडवत. खोली हवेशीर आहे, जेवण वेळेवर होतं. तुझा गुडघा कसा आहे?

मामाला आमच्या लग्नाची तिथी काढू नको म्हणावं. शकू मला म्हणाली, "तुम्हीच मला कडेवर घेऊन वाढवलं. नवरा म्हणून कसं बघू, दादा?"

मानसशास्त्राच्या तासाला मीच शिकवतो: ज्यांच्या अंगाखांद्यावर मूल वाढतं, त्यांच्याविषयी त्याला पुढं तशी ओढ वाटत नाही. निसर्गाचीच ती तजवीज. मामाकडं शिकायला राहिलो तेव्हा मी दहाचा होतो, ती पाळण्यात. म्हणून तिचं तसं झालं, माझं नाही.

तिला बोल लावू नकोस. यंदा ती मला राखी बांधायची म्हणते. त्या दिवशी मला सुट्टी नाही, एवढं तूच तिला सांग.

तुझा,
बद्री