माझं नव्हे, मला झालं

बोरीवली (तारीख श्वेताला विचारून घालतो)

तीर्थरूप जयवंतमामांस देवेशचा शिरसाष्टांग नमस्कार. गुडघा कसा आहे? मलम गुडघ्यालाच लावताय ना? (चिठ्ठीवर मी 'खांदा' लिहिलंय, असं मामी म्हणाली. गुडघाच.) फोनवर सांगितल्याचं काय होतं ते दिसलंच, म्हणून या वेळी कागदावर लिहितोय.

मुळापासून सांगतो. खंडूकाका नावाच्या पेशंटला मी 'खोल श्वास घ्या, रोखून धरा' म्हणालो आणि पेन शोधायला बाहेर गेलो. बाहेर केळीवाला होता (वेलची केळी, पण तुमच्या परसातल्यांची सर नाही). परत येतो तर खंडूकाका गाल फुगवून, लालेलाल होऊन माझी वाट बघतायत! सुखरूप आहेत, पण हल्ली दुसऱ्या डॉक्टरकडे जातात. श्वेताने, म्हणजे तुमच्या सूनबाईने, मला ओढतच मुलुंडला मानसोपचारतज्ज्ञांकडे नेलं. त्यांनी लांबलचक परीक्षा घेतली आणि एडीएचडी निघालं, म्हणजे लक्ष एका जागी न टिकण्याचा विकार. तेच मी तुम्हाला फोनवर म्हणालो, 'मला एडीएचडी झालं.' तुमच्याकडे रेंज फक्त फणसाखाली, त्यामुळे तुम्ही ऐकलंत, 'माझं एडीएचडी झालं.' मला झालं तर आजार, माझं झालं तर पदवी! आणि तुम्ही आनंदाच्या भरात आपल्या गाववाल्यांच्या इथल्या मंडळाच्या अध्यक्षांना, भाऊरावांना कळवून मोकळे झालात.

भाऊरावांना सत्काराला निमित्तच हवं असतं. रविवारी हॉलवर फलक लागला: 'डॉ. देवेश, एम.बी.बी.एस., ए.डी.एच.डी.' शाल झाली, नारळ झाला. मी माईक घेतला तो खरं सांगायलाच. 'ही पदवी नाही, आजार आहे', एवढंच वाक्य होतं. 'ही पदवी' इथपर्यंत पोचलो आणि पहिल्या रांगेतल्या एका बाईंचा गळा सुजलेला दिसला. वाक्य तिथेच राहिलं. खाली उतरून गळा तपासला, थायरॉइडची तपासणी लिहून दिली (निमंत्रणपत्रिकेवर), तर टाळ्यांचा कडकडाट! भाऊराव डोळे पुसत म्हणाले, "डॉक्टरानूं, ह्या एडीएचडी खयच्या कॉलेजात मिळता? आमच्या नातवाक घालूचो आसा."

बाईंना गाठ खरंच निघाली, साधी आहे. पण आता मी आजारी की हुशार, हे माझं मलाच कळेनासं झालंय. नवे पेशंट त्या पदवीच्या भरवशावर येतायत, मला लाज वाटते, मामा. तुम्हीच भाऊरावांना खरं काय ते सांगा.

तुमचा,
देवेश

ता.क. शाल मामीला पाठवतोय. नारळ सापडला की तोही पाठवतो.

ता.क. दुसरा : भाऊरावांचं राहू द्या, त्यांना मीच सांगेन. खरं काम वेगळंच आहे. घरात आणखी कुणी असं आहे का, असं मुलुंडच्या डॉक्टरांनी विचारलं होतं. मी नाही म्हणालो. काल तो नारळ शोधताना आईने सांगितलेलं आठवलं, तिच्या साखरपुड्याचा नारळ आणायला गेलेले तुम्ही दशावतार बघून सकाळी परतला होतात, तेही नारळाशिवाय. मॅट्रिकला गटांगळ्या खाल्ल्यात म्हणून आजोबा तुम्हाला जन्मभर ढ म्हणाले. मामा, तुम्ही ढ नव्हता हो. मुलुंडला या, मी बरोबर येतो. ही परीक्षा तुम्ही पहिल्या झटक्यात पास व्हाल.