उजवीकडची खूण

शनिवार, संध्याकाळ

ताई,

दांडी ओढली आणि टक्‌ असा आवाज झाला. यांचा तंबाखूचा पाईप अजून कोमट होता, हे बोटांना आधी कळलं, मला नंतर. लाकडाच्या तोंडाशी केसाएवढी चीर गेली. तेवढ्यात जिन्यावर यांची पावलं वाजली.

तू बरी असशील. गुडघा कसा आहे? माझी तब्येत ठीक. दुकानात पडदे शिवायचं काम जोरात चालू आहे. यांचीही तब्येत ठीक, असं लिहिणार होते. ते शेवटी लिहीन.

यांचे पाईप तू पाहिलेस. कपाटातले शोभेचे, आणि खिडकीशी लाकडी घोडीवर ठेवलेले वारांचे सात. सोमवारचा सोमवारीच ओढायचा, मग आठवडाभर त्याला विश्रांती. लाकूड आतून सुकायला हवं. रविवारी आम्ही दोघं ते साफ करतो. हे तंबाखू भरायच्या वाट्या खरवडतात, मी दांड्या उपसून पुसते. पाईप पूर्ण गार झाल्यावरच. गरम असताना दांडी ओढली तर लाकूड तडकतं, हे लग्नाच्या पहिल्या वर्षीच यांनी मला बजावून ठेवलं होतं.

तेव्हापासून त्या दांड्या माझ्या हातातल्या आहेत. हे तोंडात पाईप नेहमी डाव्या बाजूला धरतात. प्रत्येक दांडीवर डाव्या कडेला यांच्या दाताची खळगी आहे. कार्यालयात नकाशे काढताना उजव्या हातात पेन, डावीकडे पाईप. झोपेतसुद्धा ओठ डावीकडेच मुडपतात.

मागच्या रविवारी गुरुवारच्या दांडीवर उजवीकडे ताजी खूण दिसली. मग मंगळवारच्या दांडीवर. मी दोन्ही दांड्या पुसून ठेवल्या.

तुला मी फक्त चूळ भरायच्या औषधाचं कळवलं होतं. कोटाच्या आतल्या खिशात लपवलेली ती बाटली. तुझं उत्तर एका ओळीचं आलं: ‘पुरुष या वयात तोंडाला वास येऊ नये म्हणून झटायला लागला, की कोणासाठी ते शोध.’ भावोजींच्या वेळी तू शोधलं नाहीस, म्हणून तुझा आवाज असा होतो. मला राग आला नाही. मी शोधायला लागले.

आणि शोधलं की सापडतंच गं. हे रात्री भिंतीकडे तोंड करून झोपतात. ‘जेवण मंडळात झालं’ म्हणतात. मंडळ म्हणजे तंबाखूवाल्याच्या दुकानामागची खोली, तिथे हे पाईपवाले जमतात. चहा पार गार होईपर्यंत समोर ठेवतात. बोलणं तर किती कमी झालंय. आणि यांच्या उशीला लवंगेचा वास.

लवंगेचा वास मला माहीत होता. मंडळात एक भाषांतरकार बाई आहे. पाईप ओढते, तोही लवंग घातलेल्या तंबाखूचा. मागे एकदा आमच्याकडचा पांढऱ्या दगडाचा मीरशॉम पाईप बघायला आली होती. दोन दिवस पडद्यांना लवंगेचा वास होता. आणि ती पाईप उजवीकडे धरते.

आज दुपारी मी तिथे गेले. तंबाखूवाला म्हणाला, “वहिनी, तुम्हीच आलात! नकाशेवाल्यांना कुठे लपवून ठेवलंत? कित्येक दिवसांत चेहराच नाही दाखवला त्यांनी.”

मी म्हटलं, “इथेच जेवतात ना?”

“इथे? इथे धूर सोडून खायला काय आहे?”

बाई कोपऱ्यात वाचत बसली होती. मी तिच्यापुढे गुरुवारची दांडी धरली. पिशवीत घालून नेली होती, वेडीच मी. “हा दात तुमचा का?” असं सरळ विचारलं.

आधी ती हसली. मग माझ्याकडे बघून थांबली. “अहो, दुसऱ्याचा पाईप कोणी तोंडात घालतं का? दुसऱ्याच्या ब्रशने दात घासाल तुम्ही?” स्वतःची दांडी दाखवली. तिच्यावर रबराची टोपी. “माझी कवळी आहे. टोपीशिवाय घसरते. माझ्या दाताची खूण कुठेच उमटत नाही.” मग माझ्या हातातली दांडी उजेडाकडे धरून म्हणाली, “ही जुनी खळगी आणि ही नवी, दात एकाच माणसाचे वाटतात मला. बाजू कोणी हौसेने बदलत नाही. मी बदलली होती ती दाढ सडली तेव्हा.”

मी घरी आले. हे बाहेर गेले होते. शनिवारचा पाईप राखदाणीवर टेकवलेला. मी वाटी हुंगली. यांचा नेहमीचा तंबाखू, दुसरं काही नाही. मग घाईने दांडी ओढली, ती लाकडाला तडा देऊनच निघाली. दांडीचं टोक हुंगलं.

लवंगेचं तेल, ताई. दुखऱ्या जागी लावतात ते.

हे दारात उभे होते. चीर दिसली त्यांना. दुसऱ्या कुठल्या दिवशी महिनाभर ऐकवलं असतं. शनिवारचा तर सगळ्यात लाडका, पहिल्या पगारातला. हातात घेतला, चिरेवरून अंगठा फिरवला.

मी म्हटलं, “धूळ पुसत होते.”

“राहू दे,” हे म्हणाले. “आता काय त्याचं.”

शब्द जिभेला न लावता बोलल्यासारखे बोलले. असं बोलणं मी किती दिवस ऐकत होते आणि मला वाटत होतं, हे माझ्याशी बोलायचं टाळतात.

आता हे पलीकडच्या खोलीत आहेत. मी इथून लिहिते आहे. जायचं, दिवा लावायचा आणि तोंड उघडा म्हणायचं, एवढंच आहे. कागद संपेपर्यंत तरी मला जावं लागणार नाही, म्हणून इतकं लांबवलं.

तुला खरं सांगू? यामागे ती बाई निघाली असती तर मी भांडले असते, रडले असते, तुझ्याकडे निघून आले असते. मला ती बाई हवी होती.

यांची तब्येत काय लिहू, कळत नाही.

तुझी,
पलीकडच्या खोलीत अजून न गेलेली धाकटी

रविवार, सकाळ. पाकीट चिकटवायचं राहिलं होतं, म्हणून लिहिते. चहा गार करून दिला आणि खिडकीशी नेऊन तोंड उघडा म्हटलं. हे उघडत नव्हते, मग उघडलं. जिभेच्या डाव्या कडेला पांढरट, कडक चट्टा आहे. उद्या रुग्णालयात जातो. त्यानंतर आम्ही बसून सहा पाईप साफ केले.