अर्ध्या सीटची वाटणी

मी, जिवा सोम्या भोये, वय सहासष्ट, राहणार दाभोसा, तालुका जव्हार, जिल्हा पालघर, हे मृत्युपत्र माझ्या हाताने लिहीत आहे. डोकं ठिकाणावर आहे आणि कुणाचा दबाव नाही. हृदयाचं दुखणं आहे, म्हणून डॉक्टरांनी बसून राहायला सांगितलं आहे. ते मला जमत नाही. एवढं लिहीपर्यंत मी दोनदा उठून अंगणात जाऊन आलो.

तीस वर्षं मी जव्हार ते दाभोसा जीप चालवली. जीपला वेळापत्रक नसतं, भरली की सुटते. ती सवय अंगात अशी मुरली की जेवायला बसलो तरी माझा एक पाय क्लचवर असतो, असं माझी बायको सकू म्हणते.

एक. घर आणि दीड एकर भातशेती सकूच्या हयातीत तिची, तिच्या पश्चात आमची एकुलती मुलगी योगिता हिची. स्वयंपाकघरावरचा पत्रा बदलायचा राहिला, त्यावरून सकूने मला पुष्कळ ऐकवलं आहे. आता तिने आपल्या मनासारखा बदलून घ्यावा.

दोन. जॅक, पाने आणि टपावरचे दोर माझ्याच लाइनीवर जीप चालवणाऱ्या पंढरीला द्यावेत. याने एकदा स्टँडवर माझा नंबर तोडून माझी माणसं आपल्या गाडीत भरली होती. मी विसरलो असा त्याचा समज व्हायला नको, म्हणून लिहून ठेवतो. त्याला साक्षीदार व्हायचं होतं, पण ज्याला काही मिळतं त्याने साक्ष करू नये, असं वकील म्हणाले. जॅक पाहिजे की साक्ष, असं विचारल्यावर त्याने जॅक घेतला.

तीन. जावई उमेश. याला मी चारचौघांत ऐदी म्हटलं आहे. गवंडीकाम चांगलं करतो, पण रविवारी काम चालून आलं तरी जात नाही. सहा वर्षांच्या प्रतिक्षाला घेऊन नदीवर जातो आणि तिथे काहीच करत नाही. हे माझ्या डोळ्यांत खुपायचं. गेल्या महिन्यात त्याला दोन शब्द सुनवावेत म्हणून मी त्यांच्या मागे गेलो. घरापासून नदीच्या कातळापर्यंत माझी पाच मिनिटांची वाट, त्या दोघांना पाऊण तास लागला. पोर दगड उचलायची, खालचा खेकडा बघायची आणि दगड पुन्हा होता तसा ठेवायची. उमेश पाण्यात पाय सोडून बसलेला.

मी विचारलं, आता पुढे काय?

“काय नाय मामा,” तो म्हणाला. “ती बघतेय.”

मी बसलो, उठलो, पुन्हा बसलो. शेवटी घरी निघून आलो. ऐदी हा शब्द मी मागे घेतो. तो लागलाच तर मला उलटा लागू होतो, कारण जे करायचं होतं ते मी केलं नाही.

चार. जीप. ती अंगणात बंद पडून आहे, पुढच्या सीटवर कोंबडी अंडी घालते. तिच्याबद्दल लिहायला आठ दिवस टाळाटाळ केली.

योगिता तेव्हा सहाच वर्षांची होती. एका सकाळी मी तिला म्हटलं, चल, आज दिवसभर नदीवर. मी गळ घेतला, तिने डब्यात गांडुळं भरली आणि पुढच्या सीटवर बसली. नदीकडे उतरणाऱ्या फाट्यावर गाडी उभी केली, तर तिथे जव्हारच्या बाजाराला जाणारी माणसं थांबलेली. बघता बघता गाडी भरली, एक माणूस उरला. आमच्यात लहान मूल म्हणजे अर्धी सीट. मी माझ्या अर्ध्या सीटला उतरवलं, उंबराखाली बसवलं आणि म्हटलं, “बस हितं, धा मिनिटात आलो.”

जव्हारला परतीची माणसं उभी होती. त्यांना घेऊन मी त्याच फाट्यावरून गेलो. हॉर्न वाजवला, तिने हात हलवला. थांबलो नाही, गाडी भरलेली होती. असा मी चार वेळा गेलो. शेवटच्या वेळी तिने मान वर केली नाही. सकूला वाटत होतं, पोर माझ्याबरोबर आहे.

ऊन उतरल्यावर मी रिकामा आलो. तिने खड्यांच्या रांगा मांडून जीप केली होती आणि एक बारका खडा बाजूला ठेवला होता. रडली नाही. पुढच्या खेपेला मी नदीवर चल म्हटलं, तर म्हणाली, “नको बा, तुझी गाडी भरंल.” त्यानंतर कधी आली नाही. आपल्या मुलीचं नाव तिने प्रतिक्षा ठेवलं. त्याचा अर्थ मला शाळेतल्या बाईंनी सांगितला. मला लाज वाटते, आणि हे तिला तोंडाने सांगायची हिंमत मला झाली नाही.

म्हणून जीप योगिताची. पुढची सीट माझ्या मागे काढून त्या उंबराखाली ठेवावी. तिच्यावर पूर्ण माणसाने बसावं किंवा अर्ध्या, कुणी उठवू नये.

पाच. अस्थी नदीत सोडायला गाडी करू नये. उमेशने चालत न्याव्यात, प्रतिक्षा बरोबर असावी. ती जिथे थांबेल तिथे सगळ्यांनी थांबावं.

सहीआधी एक दुरुस्ती. चौथ्या कलमात ‘माझ्या मागे’ लिहिलं आहे, पण मला तोवर धीर निघत नाही. आज सकाळीच उमेशला पाने घेऊन बोलावलं. आम्ही सीट काढली, कोंबडीला टोपलीत बसवलं आणि सीट फाट्यावर आणून ठेवली. साक्षीदार आले, योगिताही प्रतिक्षाला घेऊन आली. मी चौथं कलम वाचून दाखवलं. योगिता सीटवर बसून ऐकत होती. वाचून झालं. मला उभं राहवेना, म्हणून मी म्हटलं, सही करतो आणि निघतो.

ती थोडी सरकली आणि अर्धी सीट तिने रिकामी केली.

“बस बा,” ती म्हणाली. “गाडी अजून भरली नाय.”

मी बसलो. सही नंतर केली.

सही: जिवा सोम्या भोये

साक्षीदार: १. सखा तुका पागी (सही) २. येसू चैत्या गावित (डाव्या हाताचा अंगठा)

ठिकाण: नदीचा फाटा, उंबराखाली, दाभोसा

दिनांक: १६ नोव्हेंबर २०२५, रविवार

वेळ: पाहिली नाही