पाचव्या फटक्याचा जबाब

मी, गुरुसिद्ध शिवलिंग शेटे, वय ७२, निवृत्त क्रीडाशिक्षक, सिद्धोबा तालमीच्या फुटबॉल संघाचा सव्वीस वर्षे बिनपगारी प्रशिक्षक, राहणार कोल्हापूर, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने आणि कुणाच्याही दडपणाशिवाय लिहून ठेवतो. माझी बुद्धी शाबूत असल्याचा दाखला डॉक्टरांनी दिला आहे. पेठेचं मत १९९६ पासून वेगळं आहे, ते इथे जोडलेलं नाही.

१) पेठेतलं दोन खोल्यांचं राहतं घर माझ्या कमाईचं आहे. ते माझा एकुलता एक मुलगा रुद्रेश याला द्यावं. त्याने ते विकावं, भाड्याने द्यावं किंवा कुलूप लावून ठेवावं. या पेठेत त्याने राहायलाच हवं अशी माझी अट नाही. बँकेत जे काही असेल तेही त्याचंच.

२) संघाच्या डावपेचांच्या अकरा वह्या तालमीला हव्या आहेत असा निरोप आला होता. त्या बंबात घालाव्यात. निदान एकदा अंघोळीचं पाणी तरी तापेल.

३) आमच्या रिवाजाप्रमाणे मला माती द्यावी, माझी पत्नी मल्लव्वा हिच्या शेजारी. तालमीने झेंडा आणू नये, फोटो लावू नये. १९९६ च्या फायनलनंतर मल्लव्वा दोन महिने नळावर पाण्याला गेली नाही. बायका तिच्याकडे पाहून कुजबुजायच्या. तेव्हा झेंडा घेऊन कुणी आलं नव्हतं.

४) त्या फायनलच्या दुसऱ्या दिवशी तालमीच्या दारातल्या फळ्यावर समर्थकांनी मला प्रश्न विचारले होते. अकरा वर्षं मी उत्तर दिलं नाही. खेळाडूंच्या कोंडाळ्यात बोललेलं बाहेर न्यायचं नाही हा नियम मीच घातला होता. आता देतो.

प्रश्न: समोरच्यांकडून किती खाल्ले? उत्तर: मध्यंतराला एक केळं, तेही आपल्याच डब्यातलं.

प्रश्न: नऊ गोल मारणारा हंबीरराव असताना टायब्रेकरचा पाचवा फटका स्वतःच्या पोराला का दिला? पोराचं नाव करायला?

उत्तर: फटका हंबीररावालाच दिला होता. तो माझ्या कानाशी येऊन म्हणाला, "सर, पाय उचलत न्हाय. दुसऱ्या कुणाला तरी धाडा." उरलेल्यांत दोघांनी माना खाली घातल्या. रुद्रेश बुटाची नाडी बांधत होता. मी त्याला जा म्हणालो. चेंडू बारवरून गेला. संध्याकाळी हंबीरराव चौकात सांगत होता की सरांनी मला विचारलंच नाही. आज तो तालमीचा अध्यक्ष आहे.

५) समर्थकांनी न विचारलेला एक प्रश्न रुद्रेशने विचारला. पुढची दोन वर्षं त्याने तोंड दाबून बुक्क्यांचा मार सोसला. त्याच्या मागे पोरं बारचा आकार हाताने करून दाखवायची. मग परगावी नोकरी धरून निघाला, तेव्हा दारात पिशवी ठेवून म्हणाला, "आप्पा, माझा घोटा तुमास्नी म्हाईत हुता की. मग मलाच का धाडलासा?"

सेमीफायनलला त्याचा घोटा मुरगळला होता. फायनलच्या सकाळी त्यावर पट्टी मीच बांधली होती. मी त्याला म्हणालो, एसटी चुकेल. हल्ली तो कागलच्या एमआयडीसीत आहे, वीस किलोमीटरवर. दिवाळीला फोन करतो आणि माझं औषध विचारतो.

रुद्रेश, तुझ्यावर विश्वास होता म्हणून पाठवलं, असं नाही. दुसऱ्याच्या पोराला शिव्या बसल्या असत्या तर त्याच्या आईबापाला तोंड कसं दाखवू, ही भीती होती. तू घरचा, तू सोसशील असं वाटलं. नंतर खरं सांगितलं असतं तर पेठेने हंबीररावाला फाडून खाल्लं असतं. म्हणून रोज सकाळी उठून तुला पुन्हा त्या फटक्याला पाठवत राहिलो. प्रशिक्षक म्हणून माझं काय चुकलं ते समर्थकांनी ठरवावं. बाप म्हणून मी नालायक ठरलो, त्याला पंच लागत नाही.

६) या मृत्युपत्राची अंमलबजावणी माझे शेजारी आकाराम सुतार यांनी करावी. ते चित्रकला शिक्षक होते, अक्षर चांगलं आहे. माझ्या मातीच्या दुसऱ्या दिवशी त्यांनी कलम ४ तालमीच्या फळ्यावर जसंच्या तसं लिहावं आणि रुद्रेशला ते पाहायला बोलवावं.

७) दुसरा साक्षीदार म्हणून मी मुद्दाम हंबीररावालाच बोलावलं आहे. साक्षीदाराने मजकूर वाचायची कायद्याने गरज नाही, पण सही करण्याआधी हे सगळे कागद मी त्याच्या हातात देईन आणि वाच म्हणेन. वाचून तो खोटं आहे म्हणाला, तर कलम ४ त्याच्यादेखत खोडेन. कितीही झालं तरी तो माझा खेळाडू आहे. खोडलेलं नसेल तर ते कायम समजावं.

हे सर्व मला मान्य आहे, आणि खाली दोन्ही साक्षीदारांसमोर सही करत आहे.

कोल्हापूर, दि. १८ नोव्हेंबर २००७

(सही) गुरुसिद्ध शिवलिंग शेटे

साक्षीदार १: (सही) आकाराम पिराजी सुतार. शेटे सरांनी माझ्यासमोर सही केली.

साक्षीदार २: (सही) हंबीरराव कृष्णात भोसले, अध्यक्ष, सिद्धोबा तालीम मंडळ. माझ्याही समोर केली. मीटिंगला जायचं असल्याने मजकूर वाचलेला नाही. सरांनी लिहिलंय म्हणजे खरंच असणार.