बारा खांब, वीस सह्या

३ नोव्हेंबर
इंजिनिअर बाई बिल्डिंग बघून गेल्या. तळमजल्यावर भिंती नाहीत, नुसते पार्किंगचे बारा खांब. वर पाच मजल्यांचं ओझं. मोठा भूकंप आला तर बिल्डिंग गुडघ्यातच बसेल म्हणाल्या. खांबांना सळया बांधून ते जाड करायचे. त्यासाठी वीसच्या वीस फ्लॅटच्या सह्या महिनाअखेर हव्यात, नाहीतर कंत्राटदार दुसरीकडे जाणार आणि आपला नंबर दोन वर्षांनी. सेक्रेटरी मी असताना काळजी कसली? आठ दिवसांत वीस सह्या. संकल्प.

४ नोव्हेंबर, सकाळी ६
आधी जनजागृती, मग सह्या. भाषण लिहायला बसलो. पेन नीट नाही.

७ नोव्हेंबर
सुरुवात स्वतःच्या घरापासून. कपाट भिंतीला स्क्रूने पक्कं करायला घेतलं. ड्रिल थेट पाण्याच्या पाइपात. पाइप कुठून जातो ते आधी विचारायचं, असं प्लंबर म्हणाला. कोणाला विचारायचं? घर माझं आहे. बायकोने फरशी पुसली आणि ड्रिल उचलून माळ्यावर ठेवलं. ते जास्त लागलं.

१२ नोव्हेंबर
सह्या शून्य. वातावरणनिर्मिती मात्र उत्तम.

१५ नोव्हेंबर
भाषण तयार, सात पानं. चौथ्या मजल्यावरच्या निवृत्त मास्तरांना वाचून दाखवलं. दुसऱ्या पानाला डोळा लागला त्यांचा. वय झालं. सही मागायची राहूनच गेली.

१९ नोव्हेंबर
बायको अर्ज घेऊन दारोदार फिरते आहे. अकरा सह्या. माझ्या भाषणाचा परिणाम असा हळूहळू दिसतो.

२४ नोव्हेंबर
एकोणीस! तिसऱ्या मजल्यावरच्या दंतवैद्यांनीसुद्धा केली. एकच महाभाग बाकी. यादी बघायला वेळ नव्हता, तडक नोटीस लावली: 'एका सभासदाच्या स्वार्थापायी एकोणीस कुटुंबांचा जीव टांगणीला. थोडी तरी लाज बाळगावी.' भाषा चांगलीच धारदार उतरली आहे.

२५ नोव्हेंबर
इंजिनिअर बाईंनी यादी दाखवली. महाभागाचा फ्लॅट आमचा.
नोटीस काढली. काढताना पिन बोटात गेली. मी इतरांना आधी संधी देत होतो, दुसरं काही नाही. लगेच सही करणार तेवढ्यात नकाशा दिसला. प्रत्येक खांब चहूबाजूंनी चार इंच वाढणार. माझी गाडी सहा आणि सात नंबरच्या खांबांमध्ये असते. आत्ताच पोट आत ओढून उतरावं लागतं. नकाशाचा सखोल अभ्यास हवा. घाई बरी नव्हे.

२८ नोव्हेंबर
अभ्यास चालू. सहा आणि सात वगळून दहाच खांब जाड केले तर, असं बाईंना पत्राने विचारलं. उत्तर एका ओळीत आलं: भूकंपाला हे कोण कळवणार?
जिन्यात मास्तर भेटले. गुडघ्यांमुळे चार मजले उतरायला त्यांना वीस मिनिटं लागतात. तेवढा वेळ बिल्डिंग उभी राहील ना, असं विचारत होते. मला त्यांच्या तोंडाकडे बघवेना.

३० नोव्हेंबर
सकाळी मन घट्ट करून सही करायला गेलो. जागा भरलेली. फ्लॅट बायकोच्या नावावर आहे, हे ऐन वेळी लक्षातून गेलं होतं. तुमचा अभ्यास संपेल म्हणून कालपर्यंत थांबले, असं ती म्हणाली. गुपचूप चहा घेतला. खरं सांगायचं तर हायसं वाटलं.

१८ जानेवारी, दुपारी ४
काम फत्ते. बारा खांब पैलवानांसारखे उभे आहेत. माझी गाडी आता मावणार नाही, अशी सगळ्या बिल्डिंगची खात्री होती. आरसे मिटले आणि एका दमात आत घातली. मावली!
दारं उघडत नाहीत. दोन्ही बाजूंची.
पुढे कंपाउंडची भिंत, मागे दंतवैद्य गाडी लावून दवाखान्यात गेले आहेत, आठला येतील. हॉर्न वाजवणं सेक्रेटरीला शोभत नाही, म्हणून रोजनिशी लिहितो आहे. आत्ताच बायको खिडकीतून चहा देऊन गेली. जाताना खांबावर थाप मारून म्हणाली, "निवांत बसा. आता काही झालं तरी हे जागचे हलायचे नाहीत."
तीच तर काळजी आहे.