पाचवं बाक

ता. ९ मार्च

चि. धाकटीस,
ताईचे आशीर्वाद.

तुझं पत्र पोचलं. इकडे बरं आहे. गुडघे कुरकुरतात, पण या वयात घरात कुणीतरी कुरकुरणारं हवंच.

वहिनीने तुला सांगितलं ते खरं आहे. आपली जुनी गोदी आता ओळखू येत नाही. गोदामांत कॅफे झालेत, एक क्रेन गुलाबी रंगवून ठेवलीय, आणि धक्क्यावर एका शिल्पकार मुलीने लोखंडी बाकं बसवलीत. बसलं की जुन्या कामगाराचा रेकॉर्ड केलेला आवाज सुरू होतो. पाचव्या बाकावर हे बोलायचे. जिवंत असताना मला तिकडे कधी नेलं नाही. काय बोललात विचारलं तर म्हणाले, गोदीचंच, दुसरं काय असणार.

हे गेल्यावर महिन्याने मी एकटीच गेले. शेजारी एक तरुण जोडपं येऊन बसलं. आधी पोत्यांचं झालं, मुकादमाच्या शिव्यांचं झालं. मलाही हसू आलं. मग हे म्हणाले, "एका वर्षी बायको तीन महिने इस्पितळात होती. घर सांभाळायला मेहुणी आली होती. दुपारी डबा घेऊन गेटवर उभी राहायची. ते तीन महिने मी जगलो. बाकी नोकरी केली."

जोडप्यातली मुलगी म्हणाली, "किती गोड."

तुला ते दिवस आठवत असतीलच. बाळ काचेच्या पेटीत होतं आणि मी भोकातून एक बोट आत घालून बसायचे. हे आठवड्यातून एकदा यायचे. कामाचा ताण आहे म्हणायचे, पण चेहऱ्यावर तकाकी होती. मला वाटायचं, धाकटी चांगलंचुंगलं करून घालतेय. बाळ गेलं तेव्हा तू माझ्या गळ्यात पडून माझ्याहून जास्त रडलीस. तुझी समजूत मीच काढली.

शिल्पकार मुलीला म्हटलं, हे काढ. ती रडकुंडीला आली. काकू, ह्याच बाकासाठी लोक थांबून राहतात म्हणाली. पण बायकोची हरकत असली तर काढावंच लागतं. मूळ रेकॉर्डिंगही समोर बसून पुसायला लावलं. आता तिथे एक वॉचमन उंदरांच्या गोष्टी सांगतो. लोकांना त्याही आवडतात.

पुढच्या आठवड्यात भावजींचा आवाज ऐकायला येतेस म्हणतेस, म्हणून घाईने कळवलं. उगाच हेलपाटा नको.

"नोकरी केली"च्या पुढे आणखी एक वाक्य होतं. तुझं नाव घेऊन, तुलाच उद्देशून. ते कॅफेतल्या पोरांनी ऐकलं, कुत्री फिरवणाऱ्यांनी ऐकलं, त्या जोडप्याने ऐकलं, मी ऐकलं. तू तेवढी राहिलीस.

काय होतं, ते मला विचारायचं नाही.

तुझी सख्खी,
ताई