पाचोऱ्याचे पाहुणे आणि प्रेमराजचा स्पीकर

चि. प्रेमराज,

धुळ्याहून आजीचा आशीर्वाद. लिहिते तुझी बहीण, बोलते मी. तेव्हा चुका तिच्या, शहाणपण माझं.

तुला सांगून आलेल्या पाचोऱ्याच्या मेघाकडचे काल आपलं घर पाहायला आले. तिचे वडील पुनाभाऊ म्हणाले, "मुलगा पुण्यात काय करतो?" मी म्हटलं, "इंजिनिअर आहे, स्पीकर बनवतो." भाऊ खुलले. "म्हणजे घरचाच डीजे! वरातीत छाती हादरली पाहिजे, अक्का."

मग बहिणीने तुझा स्पीकर लावला. त्यात तू भरलेलं माझं हळदीचं गाणं. भाऊंनी कान लावला. "बंद शे का?" एवढासा आवाज काढायला पोरगा इतका शिकला, असं त्यांच्या तोंडावर दिसलं. अर्धा चहा ठेवून ते चपला शोधू लागले. म्हटलं, गेली सोयरीक.

पण त्यांची आई मंजुळाबाई उठेना. "थांब रे! जन्मभर लग्नांत गायले, पण डीजेपुढे माझं मलाच ऐकू येत नाही. आज बठ्ठं गाणं ऐकू उनं, शब्द न् शब्द." हळदीला डीजे नाही, हाच डबा, असं आम्ही दोघींनी ठरवूनच टाकलं. तारीख काढणार, तेवढ्यात बहीण म्हणाली, "आजी, दादा आणि मेघा अजून भेटले कुठे?"

म्हणून हे पत्र टाकत नाही. वाचलंस तर माझ्या शब्दाखातर हो म्हणशील. फोनवर एवढंच सांगेन, रविवारी पाचोऱ्याला जाऊन पोरीशी बोल. मन नसेल तर खुशाल नाही म्हण. फक्त आणखी एक स्पीकर पाठव, मंजुळाबाईला कबूल करून बसलेय.

तुझी,
घरातला सगळ्यात मोठा आवाज,
आजी